पुराव्यासाठी ठेवलेली पुडी

उत्तम,

आज पुन्हा गल्लीत पाणी आलं. सकाळपासून घराघरांतून मोटारींची घरघर चालू आहे. माझ्या गच्चीवरून तुझी गच्ची दिसते, हे तुला माहीत आहेच. तिथूनच आपण एकमेकांना चहाला हाका मारायचो. तुझी सून वैशाली टाकीपाशी पाइप धरून उभी होती. मधूनच ती मोटार बंद करायची, जिन्याकडे कान द्यायची आणि पुन्हा चालू करायची. खालून तुझी हाक येते की काय, हे ती ऐकत होती. तू गेल्यापासून नळाला आलेलं हे दुसरं पाणी.

रविवारी तुझं पुण्यानुमोदन आहे. तुला पोचवून आलो तेव्हा प्रशांत म्हणाला होता, "काका, बाबांवर तुम्हीच बोला. बाकीचे भाषण करतील, तुम्ही बोलाल." मी चार पानं लिहिलीही होती. त्यात फुलंब्रीहून दुधाचे कॅन सायकलला अडकवून शिकायला येणारा पोरगा होता, परीक्षानळी फोडणाऱ्याला वर्गाबाहेर काढून मग स्वतःच डबा खाऊ घालणारा रसायनशास्त्राचा मास्तर होता. सगळं खरं होतं. पण मोठ्यानं वाचून पाहिलं तर माझाच आवाज मला खोटा वाटला. ती पानं फाडली. जे सांगायला हवं, ते त्यात नव्हतं.

तुला मांडवात ठेवलं होतं तेव्हा काय झालं, ते आधी सांगतो. तू तिथं होतास, पण ऐकलं नाहीस. फुलंब्रीहून तुझी थोरली बहीण आली. आक्कानं तुझ्या पायांवर डोकं ठेवलं, उठली, आणि दाराजवळ बसलेल्या वैशालीकडे वळली. "पानी भरीत बसली व्हती ही गच्चीवर! खाली माझा भाऊ तडफडत व्हता अन् ही वर टाकी भरती! साखरेचं पानी पाजलं, झालं हिचं काम! डाक्टर काय म्हनला? दुपारी आणलं असतं तर वाचला असता!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात तिच्या नावावर शिक्का बसला, हे मला दिसत होतं. वैशालीनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. ती उठली, आत गेली आणि पाहुण्यांसाठी पाण्याचे पेले भरू लागली.

साखरेचं पाणी द्यायला तिला मी सांगितलं होतं, उत्तम. आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

सुरुवात फर्दापूरला झाली. तुझे मुंबईचे पाहुणे अजिंठ्याची लेणी बघायला निघाले तेव्हा तू त्यांच्याबरोबर गेलास आणि गुडघ्यामुळे पायऱ्या न चढता खालीच बसलास. रस्त्याकडेला जडीबुटीचा तंबू होता. तिथून तू पुड्या आणल्यास. मला कळलं तेव्हा मी तुला बागेतल्या आपल्या सकाळच्या मंडळीसमोर धुऊन काढलं. रसायनशास्त्राचा माणूस, सगळं आयुष्य पोरांना 'पुरावा दाखव' म्हणून छळलं, आणि म्हातारपणी तंबूतल्या बाबाच्या नादी लागला! तू पाय झटकून दाखवलास आणि म्हणालास, "ए कुलकर्ण्या, माझा गुडघा तुझ्यापेक्षा खरं बोलतो. बघ, पळतोय."

आणि तू खरंच पळायला लागला होतास. गुडघे थांबले, भूक वाढली, गाल भरले. मंडळी म्हणायची, उत्तमरावांना सासरवाडी मानवली. पुढं पुढं मात्र तो चेहरा मला बघवेना. चंद्रासारखा गोल, आणि हातांवर जरा कुठं आपटलं की काळेनिळे डाग. जीवशास्त्र शिकवताना असा चेहरा मी पुस्तकात पाहिला होता. मी तुझ्याकडून एक पुडी मागून घेतली आणि आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत दिली. त्याचा फोन आला, "सर, यात स्टिरॉइड आहे. भरपूर."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहितो, कारण तुझ्याशी मी कधी खोटं बोललो नाही. मला आनंद झाला. मी जिंकलो होतो.

दुसऱ्याच दिवशी आपण दोघं एसटीनं फर्दापूरला गेलो. तंबूपुढं उभं राहून मी त्या माणसाला झाडपाला आणि स्टिरॉइड यांतला फरक समजावून सांगितला. आवाज चढवून. दोन-चार गिऱ्हाइकं पांगली. तो काही चिडला नाही. बरण्या पुसत म्हणाला, "बंद करायचंय तर करा, बाबूजी. पर एकदम नका करू. अर्धी अर्धी पुडी करून, आहिस्ता आहिस्ता. एकदम बंद केल्यावर लोक लई आजारी पडतात."

मी हसलो. "बघ उत्तम, जाता जाता आणखी दोन महिने विकायची सोय!"

तूही हसलास. परतीच्या एसटीत आपण चण्याची पुडी घेतली आणि तिचा कागदही वास घेऊन तपासला. तू कंडक्टरला विचारलंस, "ह्याच्यात काय घातलंय का, मास्तर?" इतकं मोकळं हसणं त्यानंतर झालं नाही.

घरी आल्यावर तू सगळ्या पुड्या मोरीत रिकाम्या केल्यास. मी बाजूला उभा होतो. शेवटच्या पुडीला हात घातलास तेव्हा मी म्हणालो, "ती राहू दे. पुरावा म्हणून लागेल. औषध खात्याकडे तक्रार करू." तू ती सदऱ्याच्या खिशात ठेवलीस. तक्रार आपण केली नाही. आज करू, उद्या करू.

नंतर तू हळूहळू विझत गेलास. बाकावरून उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची, म्हणून आधी बाकाची पाठ धरायचास. वैशालीच्या हातची शेंगदाण्याची चटणी तू बोटानं चाटून खायचास, आता त्या चटणीकडे बघेनास. सांधे पुन्हा धरले. मी म्हणायचो, "सवय सुटतेय. थोडा त्रास होणारच. धीर धर." एकदा तू विचारलंस, "कुलकर्ण्या, अर्धी अर्धी घेऊन बघू का रे?" मी म्हणालो, "मंडळीला काय तोंड दाखवशील?"

तू पुन्हा विचारलं नाहीस.

मग दाढ दुखायला लागली. दवाखान्यात मी तुझ्याबरोबर होतो. दातांची डॉक्टर पोरगी मोठी नीटनेटकी होती. तिनं विचारलं, "आजोबा, कुठलं औषध चालू आहे का? आधी कुठलं होतं?" तू छाती काढून म्हणालास, "काहीच नाही." आणि मी वर म्हणालो, "आता ते पूर्ण शुद्ध झालेत." ती हसली आणि तिनं दाढ काढली.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं.

दुपारी वैशालीचा फोन आला. मोटारीच्या आवाजात ती ओरडून बोलत होती. "काका, बाबांना दोनदा उलटी झाली. अंग गार लागतंय. उठवलं तर चक्कर येतीय म्हणतात. प्रशांत वाळूजला कंपनीत आहे. मी रिक्षा करून दवाखान्यात नेऊ का?"

मी जेवून आडवा झालो होतो. म्हणालो, "अगं, दाताच्या गोळ्यांनी पित्त झालं असेल. रिकाम्या पोटी घेतल्या असतील. मीठ-साखरेचं पाणी दे आणि झोपू दे. संध्याकाळी मी येतो."

"नक्की ना, काका?"

"नक्की. तू पाणी भरून घे. परत कधी येईल कुणास ठाऊक."

हे वाक्य माझं आहे. पाणी भरून घे, हेही मीच सांगितलं होतं. तिनं ऐकलं, कारण तिच्या सासऱ्यानं तिला आयुष्यभर सांगितलं होतं की शरीरातलं काही असेल तर कुलकर्णीला विचार.

मी संध्याकाळी आलो तेव्हा तुला रिक्षात घालत होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपत आलं होतं. रक्तदाब लागेना. थोड्या वेळानं तरुण डॉक्टर बाहेर आले आणि प्रशांतला म्हणाले, "दुपारी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." मग सहज विचारावं तसं विचारलं, "यांना कधी स्टिरॉइड चालू होतं का?"

प्रशांत म्हणाला, "नाही, डॉक्टर. बाबा तसलं काही घेत नव्हते." पुड्यांत काय निघालं हे तू घरात सांगितलं नव्हतंस. सून हसेल म्हणून.

मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. त्या एका प्रश्नानं माझ्यापुढं काय उभं राहिलं, ते तुला सांगायची गरज नाही. पण रविवारी ऐकणाऱ्यांना सांगायला हवं, म्हणून वर्गात सांगायचो तसं सांगतो.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात. अधिवृक्क ग्रंथी. मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी रक्तात एक संप्रेरक सोडते. रक्ताबरोबर ते अंगभर फिरतं, हजार ठिकाणांवरून जातं आणि कुणीही त्याची दखल घेत नाही. फक्त अधिवृक्काच्या पेशीवर त्याच्या मापाची खाच असते. तिथं ते बसतं. आत शिरत नाही, बाहेरूनच थाप देतं. थाप पडली की पेशी जागी होते, रक्तातून आपला कच्चा माल, म्हणजे कोलेस्टेरॉल, आत ओढून घेते आणि कॉर्टिसॉल करून पुन्हा रक्तात सोडते. ताप आला, हाड मोडलं, दाढ काढली, की थापा वाढतात, कॉर्टिसॉल वाढतं आणि त्याच्या जोरावर माणूस तगतो.

बाहेरून स्टिरॉइड पोटात जायला लागलं की मेंदूला रक्तात ते भरपूर सापडतं. मग थाप बंद होते. थाप बंद झाली की त्या पेशी आक्रसतात, सुस्त पडतात. पुडी एका दिवसात बंद करता येते. पेशी एका दिवसात जाग्या होत नाहीत. त्यांना कित्येक महिने लागतात. म्हणून अशा माणसाचं औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचं असतं. मध्येच आजारपण आलं तर उलट वाढवायचं असतं. नाहीतर शरीर मदत मागतं आणि आतून कुणी उठत नाही.

'बाहेरून दिलेले स्टिरॉइड एकदम थांबवल्यास काय होईल? कारणे द्या.' हा माझा परीक्षेतला आवडता प्रश्न होता, उत्तम. ढ पोरंसुद्धा याचं उत्तर लिहायची.

नंतर मी एकटाच त्या डॉक्टरांना भेटून आलो. सगळं सांगितलं. त्यांनी केसपेपर पुन्हा उघडून पाहिला. म्हणाले, "आता खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही, सर. पण तुम्ही सांगताय ते जुळतंय." सर म्हणाले. माझाच विद्यार्थी असता तर बरं झालं असतं, त्यानं मला चार शब्द सुनावले तरी असते.

त्या तंबूवाल्याबद्दल मला आजही आदर नाही. तो विष विकतो. ते उतरवायचं कसं हे त्याला गिऱ्हाइकं आजारी पडताना बघून कळलं असेल. का, ते कळलं नसेल. मला का ते ठाऊक होतं. पण त्या दिवशी तो खोटा ठरणं मला तुझ्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. आपल्यासारख्यांची हीच खोड. बुवाबाजी उघडी पाडली की काम झालं, असं आपण समजतो. ज्याच्या अंगात ती भिनली आहे त्याचं पुढं काय, हे बघायला कुणी थांबत नाही.

आपलं एक भांडण राहिलंच, स्टिरॉइड पेशीत शिरतं कसं याचं. माझ्या वर्गाच्या दारात उभा राहून तू ओरडायचास, "ए कुलकर्ण्या, पोरांना सारखं दार-दार काय सांगतो? स्टिरॉइड चरबीत विरघळतं. तुपाचा थेंब पोळीत शिरायला दार शोधतो का?" मी म्हणायचो, "पोळी मेलेली असते. पेशी जिवंत असते. ती निवडते, ती घेते." तू म्हणायचास, "घेत नाही. ते घुसतं." पोरं बाकं वाजवायची. अलीकडेच वाचलं होतं, की पुस्तकात तुझंच बरोबर धरतात, पण काही पेशी वाहक प्रथिनासकट संप्रेरक आत ओढून घेतात असंही दिसलंय. म्हणजे थोडं तुझं, थोडं माझं. दाढ बरी झाली की तुला सांगणार होतो आणि चहा तुझ्याकडून उकळणार होतो.

तुला ठाऊक आहे, आमची ही गेल्यापासून माझा संध्याकाळचा डबा तुझ्या घरून येतो. तू आणून द्यायचास आणि दारातून ओरडायचास, "भटा, आज अळणी केलंय, तुझ्या रक्तदाबाला!" तू गेलास तरी डबा थांबला नाही. मांडव उतरला त्याच संध्याकाळी वैशाली स्वतः घेऊन आली. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत द्यायला गेलो आणि तिला विचारलं, "तू कुणाला सांगितलं का नाहीस, की मला फोन केला होतास?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "सांगून काय झालं असतं, काका? प्रशांतनं तुमच्या दारात पाऊल टाकलं नसतं. मला माणसं आहेत. तुम्ही एकटे आहात."

मग तिनं हात धुतले आणि तुझा सदरा आणला. "हे बाबांच्या खिशात होतं. धुवायला काढला तेव्हा सापडलं. कसलं आहे?"

पुडी तशीच होती; दर वेळी सदरा बदलताना तू ती नव्या खिशात घातली असणार. घडी न मोडलेली. तुला अंधारी येत होती, अंग गार पडत होतं आणि ती तुझ्या छातीवर, खिशात होती. तू ती उघडली नाहीस, कारण मी सांगितलं होतं पुरावा आहे. त्या पुडीनं तू वाचला असतास असं मी म्हणत नाही. पण ती मला उघडीच सापडली असती तर बरं झालं असतं.

मी तिला सगळं सांगितलं. मग प्रशांतला बोलावून सांगितलं. तो ऐकून बाहेर निघून गेला. अजून माझ्याशी बोललेला नाही, आणि ते बरोबर आहे.

परवा फुलंब्रीला जाऊन आलो. आक्का ओट्यावर डाळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फोन, साखरेचं पाणी, नळ, पुड्या. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मास्तर, तुम्ही हे मला हितं येऊन सांगता?"

"तुम्हाला आधी सांगायला हवं असं वाटलं, आक्का."

"मी त्या लेकराला चार लोकांत बोलले. माझ्या वट्ट्यावर सांगून तिचं काय धुतलं जातं? तव्हा तुम्ही मांडवात व्हता. तोंड नव्हतं का?"

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"माझंबी चुकलं. मी तिच्या पाया पडन. पण आधी तुम्ही. जिथं मी बोलले तिथंच बोला, समद्यांसमोर. मी येते. पुढंच बसते." आणि मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाली, "उत्तम म्हनायचा, माझा कुलकर्णी लई हुशार. व्हय, लई हुशार."

एसटीत बसेपर्यंत ते शब्द पाठीवर होते.

तेव्हा ही पानं तुला लिहिली असली तरी वाचणार सगळ्यांसमोर आहे. वाचून झाल्यावर ती पुडी घेऊन औषध खात्यात जाणार. तक्रारीत तंबूचा पत्ता देईन आणि मी काय केलं तेही लिहीन. आणखी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. तुझ्या मांडवात बसलेल्यांत मला दोन चेहरे दिसले. गोल, भरलेले, हातांवर डाग. बागेतल्या मंडळींपैकीच आहेत ते. तू बरा झालास हे बघून त्यांनीही फर्दापूर गाठलं असणार. त्यांना मी नावानं हाक मारणार नाही. पण रविवारी ते समोर असतील, म्हणून सांगतो: पुडीची लाज वाटून ती मोरीत ओतू नका. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा, पुडी दाखवा आणि ते सांगतील तशीच उतरवा. माझ्यासारख्या हुशार माणसाला विचारू नका.

आक्का पहिल्या रांगेत असेल. तिच्या शेजारची खुर्ची मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. वैशाली नेहमीसारखी मागं, दाराजवळ बसेल. पाहुण्यांना पाणी द्यायला सोपं जातं म्हणून, असं ती म्हणेल. वाचून संपलं की मी तिला नावानं हाक मारून पुढं बोलावणार आहे. ती लगेच उठणार नाही, मला माहीत आहे.

ती पुढं येऊन बसली नाही, तर मी ही पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेईन.